येळवशीचे ताट शेतात पेरावे

मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येस लातूर व धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेड जिल्ह्याच्या लगतच्या भागात वेळ अमावास्या साजरी होते. बोलीत हिलाच येळवस म्हणतात. सीमेपलीकडे कर्नाटकातील बीदर व कलबुर्गी भागांत हाच सण एळ्ळ अमावास्या या नावाने प्रसिद्ध असून कानडीत 'एळ्ळु' म्हणजे तीळ होय. या दिवशी चाकूर, नळेगाव, वडवळ नागनाथ यांसारख्या गावांचे रस्ते सकाळीच ओस पडतात. सारे गाव शेतात जाते. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडून लक्ष्मीची पूजा होते, उभ्या पिकांत चर शिंपतात, आणि त्यानंतर आप्तेष्ट, शेजारी, शहरातून आलेले स्नेही व वाटेने जाणारा अनोळखी मनुष्य या सर्वांना एकाच पंगतीत जेवू घालतात.

या पंगतीचे ताट हे नेहमीच्या जेवणाहून वेगळे असते. भज्जी, उंडे, आंबील, खीर, तिळाची पोळी, हुरडा, हिरवे घाटे, गाजर, बोरे असे अनेक जिन्नस त्यात थोडेथोडे वाढतात. पूर्वी हे जिन्नस त्याच शेतातून, त्याच आठवड्यात निघत असत. म्हणून पाहुण्यास नुसते जेवण मिळत नसे. यजमानाच्या शेताची सारी हकीकत त्याला पानात वाचावयास मिळे.

गेल्या काही दशकांत खरिपात सोयाबीन व रब्बीत हरभरा या दोनच पिकांनी बहुतेक शिवार व्यापले आहे. ज्वारी मागे पडली. तीळ, वाल, पावटा, गाजर व आंबटचुका हे बांधावरून नाहीसे झाले. परिणामी अनेक घरी येळवशीच्या आदल्या दिवशी बाजारात जाऊन सोललेला वाटाणा, तूर, भाजीच्या जुड्या व कधीकधी हुरडादेखील विकत आणावा लागतो. शेतातील सणाचे ताट बाजारातून भरावयाचे, हा विपर्यास होय. त्यात पैसा जातो हे तर खरेच. परंतु त्याहून गंभीर गोष्ट अशी की, या मालावर केव्हा व कोणते औषध फवारले आहे याची माहिती यजमानास नसते, आणि तो माल लहान मुलेही हौसेने कच्चाच खातात.

हे ताट पुन्हा शेतातून उभे करणे अवघड नाही. त्यास दोन गुंठे जमीन पुरते. मात्र त्याचा विचार डिसेंबरात चुलीपुढे बसून चालत नाही. तो जून महिन्यात पेरणीच्या वेळी करावा लागतो.

ताटातील जिन्नस आणि त्यांचे प्रयोजन

येळवशीचे ताट हे चौरस आहाराचे उत्तम उदाहरण आहे. ज्वारी व बाजरी यांच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. तूर, हरभरा, वाल यांत तो पुरेसा असतो. मात्र डाळवर्गात मेथिओनिन कमी असते. तृणधान्य व डाळी एकत्र खाल्ल्याने एकाची उणीव दुसरे भरून काढते. बाजरीचा उंडा भज्जीत कुस्करून खाण्याची जी रीत आहे तिच्यात हेच साधते. तिळात मेथिओनिन व चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो. मेथी, पालक, करडईची पाने व कोथिंबीर यांतून जीवनसत्त्व 'अ' तयार होण्यास लागणारे द्रव्य मिळते. पेरू व हिरव्या कोथिंबिरीतील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य व भाजीतील लोह शरीरात अधिक प्रमाणात शोषले जाते. आंबिलात ताकामुळे ज्वारीचे पीठ आंबते आणि ते पचावयास हलके होते.

एवंच, या ताटातील एकही जिन्नस निव्वळ शोभेसाठी नाही. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्वारी-बाजरीचे जे महत्त्व त्या निमित्ताने जगास सांगण्यात आले, ते येळवशीच्या पानात या भागाने आधीपासून सांभाळले आहे.

अमावास्येवरून पेरणीची तारीख काढावी

ताटातील सर्वांत नाजूक जिन्नस म्हणजे हुरडा. ज्वारीचा दाणा दुधाळ अवस्था संपवून चिकात भरला, परंतु अद्याप टणक झाला नाही, तेव्हाच हुरडा चांगला होतो. ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते. रब्बी ज्वारीस पेरणीपासून तेथवर येण्यास साधारणपणे ९० ते १०० दिवस लागतात.

येथे एक अडचण येते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने आणि अधिक मासाने ती तूट मधूनमधून भरून काढली जात असल्याने वेळ अमावास्येची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. ही अमावास्या ११ जानेवारी २०२४ रोजी होती; त्यानंतरची ३० डिसेंबर २०२४ रोजी आली, आणि त्यापुढची १९ डिसेंबर २०२५ रोजी. पीक मात्र पंचांग पाहत नाही. म्हणून दरवर्षी एकाच तारखेस पेरणी केल्यास कधी हुरडा कोवळा राहतो, तर कधी सणापूर्वीच ज्वारी कडक होऊन जाते.

यावर उपाय सोपा आहे. नवीन पंचांग हाती येताच अमावास्येची तारीख पाहून तीमधून ९५ दिवस मागे मोजावे. वरील तीन वर्षांचा हिशेब असा होतो :

अमावास्या ११ जानेवारी — पेरणी ८ ऑक्टोबरच्या सुमारास.
अमावास्या ३० डिसेंबर — पेरणी २६ सप्टेंबरच्या सुमारास.
अमावास्या १९ डिसेंबर — पेरणी १५ सप्टेंबरच्या सुमारास.

उशिराच्या पेरणीत थंडीमुळे पिकाची वाढ मंदावते व चार-आठ दिवस अधिक लागतात. सबब निम्मे बी हिशेबाच्या तारखेच्या चार दिवस आधी व निम्मे चार दिवस नंतर पेरावे, म्हणजे दोहोंपैकी एक वाफा नेमका साधतो. १५ सप्टेंबरच्या फार पूर्वी पेरणी करू नये. त्या वेळी खोडमाशीचा उपद्रव अधिक असतो व पोंगे मरतात. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात झालेल्या अतिवृष्टीसारखा प्रसंग आला आणि वापसाच मिळाला नाही, तर हुरड्याचा आग्रह सोडावा. त्या वर्षी पानात बाजरीचा उंडा व हिरवा हरभरा यांनी त्याची जागा घ्यावी.

वाण निवडतानाही विचार हवा. ज्या ज्वारीचा दाणा बोंडातून सहज सुटतो, गोड असतो व भाजल्यावर मऊ राहतो, तीच हुरड्यास योग्य. परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा 'परभणी वसंत' व राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले मधुर' हे खास हुरड्याचे वाण आहेत. सुरती व गूळभेंडी हे जुने स्थानिक वाणही कोणाच्या घरी शिल्लक असल्यास ते जतन करून पेरावेत.

दोन गुंठ्यांचा तुकडा

कोपीजवळचा, पाण्याच्या सोयीचा दोन गुंठ्यांचा तुकडा या कामी राखावा. येथे सर्वसाधारणपणे एक चूक होते. सोयाबीनची काढणी सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. अमावास्या लवकर येणार असल्यास १५ किंवा २६ सप्टेंबरला तो तुकडा रिकामा नसतो. म्हणून जूनमध्येच त्या दोन गुंठ्यांत सोयाबीन न पेरता मूग किंवा उडीद पेरावा. ही पिके ऑगस्ट-अखेर ते सप्टेंबरच्या आरंभी निघतात, जमिनीस नत्राचा लाभ होतो व ज्वारीसाठी रान वेळेवर मोकळे होते.

तुकड्याची वाटणी पुढीलप्रमाणे करावी :

ज्वारी, १ गुंठा. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. बी सुमारे १०० ग्रॅम पुरते. एका गुंठ्यात चौदाशेच्या आसपास ताटे उभी राहतात. पंगतीस माणशी तीन कणसे धरली तरी २५ पाहुण्यांस ७५ कणसेच लागतात. उरलेल्यातून शेजाऱ्यांस वाटा जातो, घरास दाणे मिळतात व गुरांस कडबा होतो.

हरभरा, अर्धा गुंठा. हिरव्या घाट्यांसाठी अमावास्येपूर्वी सुमारे ७५ ते ८० दिवस पेरावा. तीन-चार आठवड्यांनंतर शेंडे खुडल्यास भाजी मिळते आणि फांद्याही अधिक फुटतात.

पालेभाज्या, पाव गुंठा. मेथी अमावास्येपूर्वी एक महिना. पालक, आंबटचुका व कोथिंबीर सव्वा ते दीड महिना आधी पेरावीत. कांद्याची व लसणाची पात याच वाफ्याच्या कडेस होते.

गाजर, पाव गुंठा. तीन महिने आधी, भुसभुशीत वाफ्यात पेरावे.

तुकड्याच्या चहूबाजूंनी करडईच्या दोन ओळी लावाव्यात. कोवळ्या करडईची भाजी होते, आणि पुढे तिच्या काट्यांमुळे मोकाट गुरे आत शिरत नाहीत. कुंपणावर वाल किंवा पावटा चढवावा. हिरव्या तुरीसाठी जूनमध्ये सोयाबीनच्या शेजारी दोन-चार ओळी जादा टाकाव्यात. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राचा 'बीडीएन ७११' हा लवकर येणारा वाण आहे. अमावास्या जानेवारीत येणार असल्यास त्याच्या शेंगा तोवर वाळून जातात, त्या वर्षी उशिरा येणारा वाण पेरावा.

पाखरांपासून राखण

शिवारात एकट्याच एका गुंठ्यात ज्वारी असली की साऱ्या गावची पाखरे तिच्यावरच उतरतात, आणि आठवड्यात कणसे रिकामी होतात. ज्वारी सोडून देण्यास अनेक शेतकऱ्यांना हेच कारण झाले. यासाठी चार-पाच लगतच्या शेतकऱ्यांनी विचारविनिमय करून आपापले ज्वारीचे तुकडे बांधास बांध लावून घ्यावेत. नुकसान विभागले जाते व राखणीची पाळी लावता येते. दाणे भरू लागताच पंगतीसाठी लागणाऱ्या कणसांवर जुन्या कापडाच्या किंवा कागदाच्या पिशव्या बांधल्यास ती खात्रीने हाती येतात. चार घरांनी एकत्र येण्याचा आणखी एक फायदा असा की, एकाकडे गाजर, दुसऱ्याकडे वाल, तिसऱ्याकडे तीळ अशी वाटणी करून परस्परांचे ताट भरता येते.

फवारणीविषयी दक्षता

या लेखातील हा भाग गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेतकऱ्याच्या कानावर अवश्य घालावा.

येळवशीचा काळ आणि तूर व हरभऱ्यावरील घाटेअळीच्या फवारणीचा काळ बहुधा एकच येतो. पीक फुलोऱ्यात व घाट्यांत असते. शेतकरी धास्तावलेला असतो. आणि त्याच आठवड्यात पाहुण्यांची मुले शेतात येऊन हिरवे घाटे व तुरीच्या शेंगा तोडून तोंडात टाकतात. हरभऱ्याचा आंब लागलेला पाला चघळणे हाही मुलांचा आवडता खेळ असतो. ज्या शेतात दोन दिवसांपूर्वी कीटकनाशक फवारले असेल तेथे हा खेळ जिवावर बेतू शकतो. पाण्याने धुतल्याने औषध पूर्णपणे निघत नाही; कित्येक औषधे झाडाच्या अंगात भिनतात, ती धुऊन मुळीच जात नाहीत.

म्हणून पुढील नियम कटाक्षाने पाळावेत :

दोन गुंठ्यांच्या तुकड्यात रासायनिक कीटकनाशक अजिबात फवारू नये. तेथे अळ्या हाताने वेचाव्यात, पक्षी बसण्यासाठी इंग्रजी 'टी' अक्षरासारखे मचाण रोवावे, कामगंध सापळा लावावा आणि गरज पडल्यास निंबोळीचा ५ टक्के अर्क वापरावा.

बाकीच्या शेतात फवारणी करणे भागच असेल, तर डब्यावरील पत्रक वाचावे. फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावयाचे ते त्यावर छापलेले असते. तेवढे दिवस अमावास्येपूर्वी पुरे होत नसतील, तर त्या शेतातील एकही शेंग पंगतीस आणू नये.

डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहण्याची सवय ठेवावी. लाल त्रिकोण अत्यंत विषारी औषधाचा असतो. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा असा क्रम आहे.

वारा तुकड्याच्या दिशेने वाहत असताना शेजारच्या पिकावर फवारणी करू नये. शेजाऱ्यालाही अमावास्येच्या आधी आठवडाभर हे सांगून ठेवावे.

फवारलेल्या शेताच्या बांधावर लाल कापडाची निशाणी लावावी आणि पाहुणे येताच मुलांना कोणत्या शेतात जावे व कोणत्या शेतात जाऊ नये ते प्रत्यक्ष नेऊन दाखवावे.

औषधाचे रिकामे डबे व पिंपे पाणी, ताक किंवा आंबील यांसाठी कधीही वापरू नयेत, मग ते कितीही वेळा घासलेले असोत.

एवढे करूनही कोणास ओकाऱ्या, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अंगास कंप असे काही दिसले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचा डबा किंवा त्यावरील पत्रक डॉक्टरांस दाखवावयास सोबत न्यावे.

पंचवीस पाहुण्यांसाठी प्रमाण

भज्जी : सोललेली तूर, हरभरा, वाल व वाटाणा मिळून अडीच किलो, पालेभाज्या, पात व गाजराचे तुकडे मिळून दोन किलो, शेंगदाणे ३०० ग्रॅम, हरभऱ्याचे पीठ अर्धा किलो, चिंच २०० ग्रॅम, हिरवी मिरची, लसूण, जिरे व मीठ चवीनुसार.
उंडे : बाजरीचे पीठ दोन किलो, तीळ १०० ग्रॅम.
भाकरी : ज्वारीचे पीठ तीन किलो.
आंबील : ज्वारीचे पीठ अर्धा किलो, ताक पाच लिटर, पाणी चार लिटर.
खीर : गहू एक किलो, गूळ एक किलो, सुंठ व बडीशेप थोडी.
तिळाची पोळी : तीळ अर्धा किलो, गूळ पाऊण किलो, कणीक सव्वा किलो.
हुरडा : कणसे ७५.

चिंच, तूर व कोथिंबीर यांविषयी लातूर जिल्ह्यास विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ व कास्तीची कोथिंबीर या तिन्ही वस्तूंना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भज्जीच्या एका कढईत या तिघींची भेट होऊ शकते.

कृती व कामाचा क्रम

आदल्या दिवशी सकाळी गहू ओलवून सडून ठेवावा. सायंकाळी शेंगा सोलाव्यात व चिंच भिजत घालावी. रात्री ज्वारीचे पीठ दोन लिटर ताकात कालवून झाकून ठेवावे.

पहाटे प्रथम आंबील करावी. पाण्यास उकळी आणून त्यात रात्रीचे आंबलेले पीठ हळूहळू सोडावे व गुठळी न होऊ देता शिजवावे. थंड झाल्यावर उरलेले ताक, ठेचलेला लसूण, कोथिंबीर व मीठ घालावे.

भज्जीसाठी मोठ्या पातेल्यात दाणे व शेंगदाणे आधी मऊ शिजवावेत. पालेभाज्या मागाहून घालाव्यात, म्हणजे त्यांचा रंग राहतो. चिंचेच्या कोळात हरभऱ्याचे पीठ कालवून ते ओतावे, मिरची-लसणाचा ठेचा घालावा आणि पीठ पुरते शिजेपर्यंत ढवळत राहावे. आंबट पदार्थ आधी घातल्यास दाणे शिजत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. हिरव्या सोयाबीनचे दाणे भज्जीत घालावयाचे झाल्यास ते वेगळे, भरपूर वेळ उकडून घ्यावेत; कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते.

उंड्यांसाठी बाजरीचे पीठ गरम पाण्यात तीळ व मीठ घालून मळावे, मुठीएवढे गोळे करून वाफेवर उकडावेत. खीर, पोळ्या व भाकरी त्यामागून कराव्यात. हुरडा मात्र पाहुणे आल्यावर शेतातच आगटीत भाजावा व गरम असतानाच चोळून द्यावा.

भांडी, पाणी व विस्तव

आंबील व भज्जी हे दोन्ही पदार्थ आंबट आहेत. कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ते ठेवल्यास तांबे अन्नात उतरते आणि ओकाऱ्या व पोटदुखी होते. म्हणून आंबिलास मातीची बिंदगी उत्तम; भज्जीस कल्हई केलेले किंवा स्टीलचे पातेले घ्यावे. जुनी पितळी भांडी वापरावयाची असल्यास सणाच्या आधी त्यांस कल्हई करून घ्यावी.

शेतातील विहिरीचे किंवा हौदाचे पाणी पाहुण्यांस देण्यापूर्वी उकळावे किंवा क्लोरीनच्या द्रावाने शुद्ध करावे. जेवणापूर्वी हात धुण्यास साबण व तांब्या कोपीजवळ ठेवावा. पहाटे शिजलेली भज्जी दुपारपर्यंत कोमट राहिली तर नासू लागते. वाढण्यापूर्वी तिला पुन्हा खळखळून उकळी द्यावी. दुसऱ्या दिवसाची शिळी भज्जी अनेकांस अधिक रुचते. ती ठेवावयाची असल्यास रुंद भांड्यात लवकर निववावी, थंड जागी झाकून ठेवावी व खाण्यापूर्वी पुन्हा उकळावी.

आगटी वाळलेल्या पाचोळ्यापासून व कडब्याच्या कोपीपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास करावी. जवळ पाण्याची घागर व ओली माती ठेवावी. सायंकाळी हेंडगा पेटवून फिरविताना मुलांसोबत जाणते माणूस असावे.

पान मांडणे

पान पळसाच्या पत्रावळीचे असावे. महाराष्ट्रात थर्मोकोलच्या ताटांवर २०१८ पासून बंदी आहे. शिवाय शेतात पडलेले प्लॅस्टिक खरकट्यासह गुरांच्या पोटात जाते. पळसाची पाने मातीत कुजून खत होतात.

मांडणीत शेताचेच चित्र उतरावे. पत्रावळीच्या मध्यभागी द्रोणात भज्जी ठेवावी. तिच्या एका बाजूस उंडा व भाकरी ही धान्ये. दुसऱ्या बाजूस खीर व तिळाची पोळी ही गोडाची बाजू. कडेने, शेताला बांध असावा तसे, हिरवे घाटे, तांबड्या गाजराचे काप, बोरे, पेरूची फोड व उसाचे कांडे लावावे. वरच्या कोपऱ्यात हुरडा व त्याशेजारी शेंगदाण्याची चटणी. आंबील वेगळ्या वाटीत द्यावी. हिरवा, तांबडा, पिवळा, पांढरा व करडा असे पाच रंग पानात आपोआप येतात. त्यासाठी कृत्रिम रंगाची गरज पडत नाही. वाढताना प्रत्येक जिन्नस थोडा वाढावा व मागेल त्याला पुन्हा द्यावा, म्हणजे अन्न वाया जात नाही. लहान मुलांच्या पानातील भज्जी कमी तिखट काढून ठेवावी. बोरांच्या बिया, शेंगदाणे व कच्चे हरभरे अगदी लहान मुलांस देऊ नयेत, ते घशात अडकतात.

पान मांडून झाले की घरातील एखाद्या शाळकरी मुलास पाहुण्यांना प्रत्येक जिन्नस शेतातील कोणत्या ओळीतून आला ते सांगावयास लावावे. त्या निमित्ताने मुलास आपले शेत कळते व पाहुण्यास पानाचे मोल कळते.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम चार टप्प्यांत करावे. जूनच्या बैठकीत अमावास्येची तारीख सांगून दोन गुंठ्यांत मूग किंवा उडीद पेरावयास लावावा. सप्टेंबरच्या आरंभी हुरड्याच्या वाणाचे बी व पेरणीची तारीख द्यावी. नोव्हेंबरात महिला बचत गटांच्या सभेत पालेभाज्यांचे बी वाटावे, आणि भांड्यांच्या कल्हईची आठवण करावी. अमावास्येच्या पंधरा दिवस आधी गावातील फवारणीची माहिती घेऊन कोणत्या शेतातील शेंगा खाण्यास योग्य आहेत याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. पंधरा दिवसांच्या आत कोणी फवारणी केल्यास त्याच दिवशी यादीत दुरुस्ती करावी. या शेवटच्या टप्प्यात कोणतीही सबब चालू देऊ नये.

मराठीत जेवणाच्या पानालाही ताट म्हणतात आणि ज्वारीच्या उभ्या धाटालाही ताट म्हणतात. चाकूरच्या शेतकऱ्याने जूनमध्ये दोन गुंठ्यांची आठवण ठेवली, तर मार्गशीर्षात त्याच्या बांधावर ही दोन्ही ताटे एकाच वेळी उभी राहतील, आणि कोपीत आलेल्या पाहुण्याच्या मुलास कोणतीही शेंग निर्धास्तपणे तोडून खाता येईल.